धबधबा कुणाच्या बापाचा?

दोस्तांनो, पावसाळा लागला की मुंबई-पुण्याच्या पांढरपेशांना एक रोग होतो, लोणावळ्याच्या काळजीचा. पेपरात वाचकांची पत्रं सुरू होतात. लोणावळा पूर्वीसारखं राहिलं नाही. भुशी डॅमवर कसली कसली माणसं येतात. टेम्पो भरून येतात, बायका साडीसकट पाण्यात बसतात, पोरं उघडीनागडी नाचतात, मोबाइलवर गाणी लावतात, कणसं खाऊन बुरकुंडं तिथंच टाकतात. सभ्य माणसानं जावं कुठं? खाली सही आणि पत्ता. पत्ता वाचायची गरजच पडत नाही, पत्राच्या वासावरून पेठ कळते.

मी त्या कसल्या कसल्या माणसांपैकी एक. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत आहे. मॅट्रिक झालो, कविता करतो, आणि वर्षातून एकदा तरी वस्तीतल्या पोरांबरोबर भुशीच्या पायऱ्यांवर पाण्यात पालथा पडतो. आठवडाभर अंगात बसलेली लोखंडाची धूळ त्या पाण्यानं जाते. जात नसेल, पण गेल्यासारखी वाटते. बुरकुंडं टाकणाऱ्याचा कान मी धरतो, तो माझा आणि त्याचा मामला. पेपरातल्या काकांना मला वेगळंच विचारायचंय. हे लोणावळा तुमचं कधी झालं?

हॉटेलांची पत्रकं सांगतात की हे ठिकाण कुठल्याशा गोऱ्या साहेबानं शोधून काढलं. कोलंबसानं 1492 साली कॅरिबियन बेटं शोधली, त्याच जातीचा हा शोध. बेटांवर माणसं होती. इथं घाटमाथ्यावरही कातकरी होते, ठाकर होते, महादेव कोळी होते, धनगर होते, आणि गावकुसाबाहेर आम्ही होतो. पण माणूस पाहिल्याशिवाय डोंगर पाहता येणं ही एक सवय आहे. ती पिढ्यान् पिढ्या लावून घ्यावी लागते. तिलाच हे लोक निसर्गप्रेम म्हणतात.

बघू या हा निसर्ग. भुशी डॅम म्हणजे रेल्वेनं वाफेच्या इंजिनांना पाणी पाजायला घातलेला बंधारा. तुम्ही ज्याच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्याचे फोटो काढता तो रेल्वेचा हौद आहे, हौद. आणि ज्या खंडाळ्याच्या दरीकडे बघून तुम्हाला कविता सुचते, त्या घाटाची कविता अशी: 1856 साली बोरघाट फोडायला घेतला, 1863 साली गाडी वर चढली. 1861 च्या सुरुवातीला एकाच वेळी चाळीस हजारांवर माणसं ह्या एका घाटात राबत होती. छिन्नी, घण, सुरुंगाची दारू. दोराला बांधून कड्यावर सोडलेली माणसं. पटकीनं मेली, तापानं मेली, दरडीखाली मेली, हजारोंनी मेली. 1859 च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजूर खवळले आणि गोऱ्यांच्या अंगावर गेले. त्याच वर्षी ट्रेडवेल नावाचा नवा ठेकेदार आला, येताच आजारानं मेला, आणि त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, काम पुरं करून दाखवलं म्हणून तिचं नाव पुस्तकांत आहे. असू दे, बाई खमकी होती. पण त्या चाळीस हजारांतल्या एकाचं नाव सांगा.

एक नाव आहे. शिंग्रोबा. तेही पुस्तकानं ठेवलं नाही, लोकांनी दंतकथेत ठेवलं. धनगर होता, साहेबाला घाटातून वाट काढून दिली, आणि बक्षीस काय, तर गोळी. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, ट्रकवाले थांबून नाहीतर चालत्या गाडीतून पैसा टाकतात. ट्रकवाल्यांना कळतं.

येताना तुम्ही चिक्की आणता ना? रेल्वेच्या मजुरांना गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकायची, तिथून हा धंदा उभा राहिला असं लोणावळ्याचे चिक्कीवाले स्वतःच अभिमानानं सांगतात. दिवसभर घण मारणाऱ्याच्या पोटाला तेवढाच आधार. आता तिच्यात पिस्ता आलाय, चॉकलेट आलंय, आणि ती खाऊन झाल्यावर काकू म्हणतात, फार गोड झालं बाई, डाएट मोडलं.

आता तलाव. लोणावळा, वळवण, शिरवता. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस टाटांच्या वीज कंपनीनं इथं अडवला, डोंगरावरून नळांतून खोपोलीला सोडला आणि 1915 पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरायला लागल्या. त्या गिरण्यांत आमचे पणजे होते. कुठल्या खात्यात? विणखात्यात नाही. विणखात्यात पगार बरा होता, पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि महाराच्या थुंकीनं जोडीदार बाटायचा. म्हणजे मावळचं पाणी डोंगरावरून मुंबईला जाऊन वीज झालं, वीज होऊन मागावर आलं, तरी त्याला जात सुटली नाही. तिकडे मुळशीला 1921 पासून सेनापती बापटांबरोबर मावळे धरणाविरुद्ध उठले, तेव्हा कुळं लढत होती आणि त्याच जमिनींचे पुण्यातले सावकार मोबदल्याचे हिशेब करत होते. ते पत्र मात्र कुणी पेपरात लिहीत नाही, की मुळशी पूर्वीसारखं राहिलं नाही.

पवनेचं माझ्या घरातलं आहे. माझं आजोळ पवन मावळातलं. धरण सत्तरीच्या सुरुवातीला झालं, गावं उठली, आणि धरणग्रस्तांची दुसरी-तिसरी पिढी अजून जमिनीसाठी खेटे घालते आहे. त्यांच्यातही वरखाल आहे. ज्याचं नाव सातबाऱ्यावर तो निदान धरणग्रस्त. ज्याचं नाव कशावरच नाही, जो दुसऱ्याच्या बांधावर राबला, तो नुसताच उठलेला. आजी सांगायची की उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं, लोक बघायला जातात. मी लहानपणी विचारलं होतं, आये, आपला महारवाडा कधी वर येतो? म्हणली, देऊळ दगडाचं हाय लेकरा, आपली घरं मातीची व्हती.

त्या पाण्याच्या काठावर आता तंबू लागतात. रांगेनं, रंगीत, शनिवारी रात्री तर माशी शिरायला जागा नाही. बार्बेक्यू, शेकोटी, लाइव्ह म्युझिक, वरती तुंग आणि तिकोना काळेकुट्ट उभे. सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू. पाण्यात चंद्र पडतो तेव्हा मलाही काहीतरी होतं. पण हेच पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला न्यायला निघाले, तेव्हा 9 ऑगस्ट 2011 ला मावळचे शेतकरी बऊर गावाजवळ एक्स्प्रेस हायवेवर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन माणसं मारली. त्यांत एक बाई होती. ऑगस्ट क्रांतीच्या दिवशी. तंबूवाल्याच्या जाहिरातीत ‘काय काय पाहाल’ अशी यादी असते, तिच्यात हायवेवरची ती जागा नसते.

आता नाइटलाइफ.

माझा एक मावसभाऊ लोणावळ्याच्या बाहेर एका रिसॉर्टात वेटर आहे. नाव सांगत नाही, त्याची नोकरी जाईल. गेल्या पावसाळ्यात त्याला भेटायला गेलो. वॉचमननं माझ्या चपलांकडे बघितलं आणि मागच्या दाराला पाठवलं. मागच्या दाराला माझी तक्रार नाही. आपली माणसं मागच्याच दाराला असतात, त्यामुळं चहा लवकर मिळतो. भाऊ बाहेर आला तर अंगात फुलाफुलांचा शर्ट, डोक्याला गवती टोपी, गळ्यात प्लॅस्टिकच्या फुलांची माळ.

म्हणलं, काय रे, लग्न ठरलं का?

म्हणला, नाय दादा, आज कॅरिबियन नाइट हाय. मागच्या शनिवारी महाराष्ट्राची लोकधारा व्हती, तवा फेटा व्हता.

कुडाच्या भोकातून बघावं तसं मी स्वयंपाकघराच्या जाळीतून बघितलं. स्विमिंग पूलच्या कडेला प्लॅस्टिकचे माड. बाहेर मावळातला पाऊस धो धो पडतोय, पन्नास पावलांवर खरा डोंगर आणि खरा धबधबा, आणि आत पाहुणे बेट-बेट खेळताहेत. रम ओततोय कोण, तर माझा भाऊ. नाचायला पुण्याहून आणलेल्या चार पोरी, त्यांतल्या एकीच्या चेहऱ्यावरचा कंटाळा मी दारूगाळलेल्या मुकादमाच्या तोंडावरही बघितला नाही. आणि मग डीजेनं गाणं लावलं. ते बनाना बोटचं गाणं, हॅरी बेलाफोंटेनं 1956 साली बाजारात आणून जगभर नेलेलं. सगळे पाहुणे ओरडायला लागले, हात वर करून.

दोस्तांनो, ते गोदी कामगारांचं गाणं आहे.

हे मला आमच्या गोदीतल्या एका म्हाताऱ्या टॅलीवाल्यानं सांगितलं होतं, म्हणून मला माहीत. जमैकाच्या धक्क्यावर रात्रभर केळीचे घड बोटीत चढवणारी माणसं उजाडायची वाट बघतात. उजाडलं की टॅलीवाला येणार, घड मोजणार, मग सुटका. तिसऱ्या पाळीचं गाणं आहे ते. टॅलीवाला येईस्तोवर धक्क्यावर बसून राहणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. माल उतरवला बारा तास, मोजणी होईना म्हणून हजेरी लागेना, हे मी अंगानं भोगलंय. तो जमैकाचा काळा गडी माझ्या टोळीतला माणूस आहे. 1938 च्या मे महिन्यात किंग्स्टनच्या गोदीतल्या असल्याच माणसांनी संप केला आणि अख्खं बेट पेटलं. बेलाफोंटे नुसता गायला नाही, मार्टिन ल्यूथर किंगच्या चळवळीला त्यानं पैसा उभा करून दिला, स्वतः मोर्चात चालला, 2023 साली मेला तोवर गप्प बसला नाही. आणि इथं मावळात, बुडालेल्या गावांच्या वरच्या अंगाला, रमच्या ग्लासात लिंबू पिळत त्याचं गाणं चाललंय, आणि ते ज्याला समजलं तो एकटा माणूस जाळीच्या अलीकडं उभा.

बेटांवर काय झालं तेही ऐका, कारण आपल्याकडचं त्याच्याशी ताडून बघण्यासारखं आहे. त्रिनिदादचा कार्निव्हल आता जगभरचे टूरिस्ट बघायला जातात. मूळचा तो मळेवाल्या फ्रेंचांचा, मुखवटे घालून बंगल्यात नाचण्याचा. 1830 च्या दशकात गुलामी उठली आणि काळ्या माणसांनी तो रस्त्यावर ओढला. मशाली, काठ्या, ढोल. सरकारला धडकी भरली. 1881 साली पोलीस अंगावर घातले, पुढं कायद्यानं चामड्याचे ढोल बंद केले. तर ह्यांनी बांबू आपटून ताल धरला. पुढं 1930-40 च्या सुमाराला पोर्ट ऑफ स्पेनच्या वस्त्यांमधल्या पोरांनी बिस्किटांचे डबे आणि तेलाची पिंपं ठोकून त्यांतून सूर काढले. स्टीलपॅन. त्या पोरांनाही तेव्हाचे पेपरातले काका गुंड आणि हुल्लडबाजच म्हणत होते. 1992 साली तेच पिंप त्यांच्या देशाचं राष्ट्रीय वाद्य झालं.

तिथं ढोलावर बंदी होती. आपल्याला ढोलाची सक्ती होती, हा फरक ध्यानात ठेवा. गावात कुणाच्याही दारी लग्न असो, मयत असो, पाटलाचं पोर जन्मो, मांगानं हलगी वाजवलीच पाहिजे, महारानं पुढं पळालंच पाहिजे. म्हणून त्यांनी ढोल हातात घेऊन मान वर केली आणि आपल्या बापजाद्यांनी ढोल खाली ठेवून. दोन्ही बंडंच. आता रिसॉर्टवाला काय करतो? कंपनीच्या साहेबांची बस आली की दारात हलगीवाले उभे करतो. फेटे बांधून, पाऊस असो, ऊन असो. पैसे देतो, हो, देतो. ज्यांना गरज आहे ते घेतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण ह्याला संस्कृतीचं जतन म्हणू नका. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचा मान दोनदा मिळाला, 1957 ला आणि 1990 ला, आणि शेवटचे दिवस त्यांनी हलाखीत काढले, 2002 मध्ये गेल्या. जतन करणारे तेव्हा कुठल्या रिसॉर्टात होते?

मार्टिनिक बेटावरचा एक काळा डॉक्टर होता, फ्रांझ फॅनन. 1961 साली निघालेल्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात त्यानं हे लिहून ठेवलंय की देश स्वतंत्र झाला की तिथला देशी मध्यमवर्ग कारखाने काढत बसत नाही, तो पर्यटनाच्या नावाखाली पैसेवाल्यांच्या चैनीचे अड्डे उघडतो आणि त्यालाच राष्ट्रीय उद्योग म्हणतो. फॅनननं मावळ पाहिलं नव्हतं. आपल्याकडं तर पाहुणाही देशी आणि अड्डेवालाही देशी. लोणावळ्याच्या पलीकडं सहारानं डोंगरात श्रीमंतांचं अख्खं शहर थाटलं, ॲम्बी व्हॅली. 2017 साली सुप्रीम कोर्टानं गुंतवणूकदारांच्या पैशांपायी त्याचा लिलाव करायला सांगितलं. आमच्या मुंबईच्या इंदिरा डॉकला क्रूझचं नवं टर्मिनल झालं, 2025 साली त्याचं उद्घाटन झालं. मी लोखंड उतरवतो तिथून त्या बोटींचे दिवे दिसतात, मजल्यामागून मजले, आत नाच चाललेला. बेट इकडंच यायला लागलंय.

आता आपल्यातल्यांशी थोडं बोलायचंय. आपल्याही काही कार्यकर्त्यांना हा सगळा प्रकार चंगळवाद वाटतो. पोरांनी रविवारी अभ्यास करावा, शिबिराला यावं, धबधब्यावर काय नाचता? मला हे पटत नाही. हौस, पाऊस, पोरगी बरोबर असणं, ओल्या कपड्यांनी गाडीच्या दारात उभं राहून येणं, हे सगळं वरच्यांचं आणि आपल्याला फक्त पुस्तक आणि निषेध, ही वाटणी केली कुणी? आणि शिबिरच घ्यायचं तर मावळासारखी जागा नाही. कार्ल्याच्या शिलालेखात ह्या मुलखाचं नाव येतं, मामाल. मावळ हे नाव तिथून चालत आलंय, तुमच्या सगळ्या पेठांच्या आधीपासून. तो चैत्य वैजयंतीच्या भूतपाल शेठनं पुरा केला आणि कोरून ठेवलं की जंबुद्वीपात ह्याच्यासारखा दुसरा नाही. शेठ लोक तेव्हाही जाहिरात करायचे. पण त्याच लेण्यात धेनुकाकटच्या एका सुताराचंही नाव आहे. सामी, वेणुवासाचा मुलगा, त्यानं दार केलं. शेठचं आणि सुताराचं नाव एकाच दगडावर. भाज्याला जा, तिथं एक बाई दोन ढोलक्या वाजवतेय आणि दुसरी नाचतेय, दोन हजार वर्षांपासून, भिक्खूंच्या विहारात. नाचगाणं पाप आहे असं त्या भिक्खूंना वाटलं असतं तर भिंतीवर कशाला कोरू दिलं असतं? मावळच्या तोंडाशी देहूरोडला 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली. तळेगावला त्यांनी बंगला घेतला, तिथली हवा मानवायची म्हणून. बाबासाहेबांना चांगली हवा लागत होती आणि आपल्या पोरांना लागू नये?

पण आपली पोरं ह्या मुलखात मरतात, हेही खरंच. 30 जून 2024 ला भुशीच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत लेकरं होती. शिवदुर्गची पोरं दोर घेऊन प्रेतं काढत होती आणि इकडे लोक मोबाइलवरचा व्हिडिओ बघून म्हणत होते, अक्कल नाही ह्यांना. मग मनाई हुकूम. सहाच्या पुढं भुशीवर थांबायचं नाही. 15 जून 2025 ला, रविवारी, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीखाली कोसळला, चार मेले, पन्नासच्या आसपास जखमी. पूल सडलेला आहे हे सगळ्यांना माहीत होतं, नवा पूल मंजूर होता, कागदावर. पुन्हा मनाई हुकूम. पाट्या लावल्या, पोलीस लावला, काम संपलं. कठडा नाही, दोर नाही, पाणी वाढलं की वाजणारा भोंगा नाही, जीवरक्षक नाही. पर्यटनाचा पैसा मोजायला टॅलीवाले पायलीला पन्नास, बुडणारा मोजायला कुणी नाही.

आणि हुकूम कुणावर चालतो? बंगल्यातला पूल सहाला बंद होत नाही. रिसॉर्टातला रेनडान्स बंद होत नाही, तिथं तर पाऊसही नळाचा आहे. बंद होतं ते फुकटचं पाणी. टायगर पॉइंटला करवंदं-जांभळं आणि खेकडे घेऊन बसणारी कातकरीण हाकलली जाते, टेम्पोतून आलेलं कुटुंब हाकललं जातं. 20 मार्च 1927 ला महाडला आपल्या लोकांनी सार्वजनिक पाण्यात हात घातला, तेव्हाही कागदावर तळं सगळ्यांना खुलंच होतं आणि तेव्हाही सभ्य लोकांना पाणी घाण होण्याचीच काळजी होती. शब्दही तोच आहे बघा. घाण.

तर जुलैतल्या एका रविवारी आमच्या टोळीतले दहाजण आणि वस्तीतल्या बायका-पोरं जाणार आहोत. सकाळची इंद्रायणी पकडायची, लोणावळ्याला उतरून पुण्याची लोकल, मळवलीला उतरून भाज्यापर्यंत पायी. लेणी आधी, पाणी नंतर. मावसभावाला त्या दिवशी सुट्टी मिळाली तर तो येतोय, फुलांच्या शर्टातच ये म्हणून सांगितलंय. हलगी कुणाकडं असेल तर आणा, आपल्याला वाटेल तेव्हा वाजवू. भाकऱ्या आपापल्या आणा, कचऱ्याला दोन गोण्या मी आणतो. दोरही मी आणतो. बोट बांधायचा जुना दोर आहे, मनगटाएवढा जाड, आणि गाठ मारायला आमच्या मुकादमासारखा माणूस नाही.